खिंडीतल्या डहाळ्या

बायको रुखमिणी गेल्याचं कळलं तेव्हा चंद्रभान धकाते भंडाऱ्यातल्या आपल्या दुकानात एका बाईंना कोशाच्या रेशमाचं लुगडं दाखवत होता. पदर अर्धा उघडला होता. तेवढ्यात करडीहून साळ्याचा, केशवरावाचा, फोन आला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, "भाऊजी, आपली बाई नाई राहिली."

चार दिवसांपूर्वी धानाच्या रोवणीसाठी म्हणून ती माहेरी गेली होती. बांधीच्या चिखलात उतरायचं तिचं वय राहिलं नव्हतं, पण रोवणाऱ्या बायांना जेवण पोचवायला तरी जाते म्हणून हट्टाने गेली. त्या दिवशी सकाळी ती एकटीच पहाडीवर चढली, खिंडीतल्या डहाळीदेवाला डहाळी ठेवून खाली आली, ओसरीवर टेकली आणि पाणी मागितलं. भावजय तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

चंद्रभानाने फोन खाली ठेवला. लुगड्याची घडी होती तशी घातली, आज दुकान बंद म्हणून त्या बाईंना सांगितलं आणि बसस्टँडवर गेला. बसमध्ये कंडक्टरने कुठे जायचं म्हणून विचारलं, तर त्याला गावाचं नाव आठवेना. सासुरवाडीचं गाव, छत्तीस वर्षांचं जाणं-येणं. शेजारच्या माणसाने ओळखलं आणि त्यानेच तिकीट मागितलं.

तेरावं झालं. नागपूरला दिलेली पोरगी रीता पंधरा दिवस राहून परत गेली. जाताना बापाला नवा मोबाईल देऊन गेली. दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं की चंद्रभान बोलायचा, गिऱ्हाईक गेलं की गप्प बसायचा. एका रविवारी तो उठला आणि करडीला गेला. कशाला, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. ती शेवटची कुठे गेली होती ते पाहायचं होतं, एवढंच.

खिंड गावापासून तासाभराच्या चढावर आहे. वाट जंगलातून जाते. झाडं बहुतेक ऐनाची, तिकडे लोक येन म्हणतात, मगरीच्या पाठीसारखी सालीला भेगा असलेली. ज्याच्या पाल्यावर कोशाची अळी वाढते ते हे झाड. चंद्रभानाच्या घराण्याने तीन पिढ्या कोसा विणला. त्यामुळे झाड त्याला सूत माहीत असावं तसं माहीत होतं. खिंडीत वाट अरुंद होते. तिथे डहाळीदेव. मूर्ती नाही, देऊळ नाही. डहाळ्यांचा छातीइतका उंच ढीग, तोच देव. या वाटेने वाघाची भीती. म्हणून जाणाऱ्याने एक डहाळी तोडून ढिगावर टाकायची, म्हणजे मी आलो आहे, माझ्यावर लक्ष ठेव, असं देवाला सांगितल्यासारखं होतं. किती पिढ्यांचा ढीग आहे कोणाला ठाऊक नाही. खालच्या डहाळ्यांची माती झालेली, वरच्या हिरव्या.

रुखमिणीची डहाळी त्याने ओळखली. केशवरावाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या उंच कडेवर, एक मोठा ऐन होता. त्याची पानं जराशी रुंद. माहेरी आली की ती त्याच झाडाची डहाळी नेत असे. डहाळी वाळली होती, पण पानं अजून गळाली नव्हती. चंद्रभान बराच वेळ तिथे उभा राहिला. पुढच्या रविवारी येताना त्याने धुऱ्यावरच्या ऐनाची एक डहाळी तोडून आणली आणि तिच्या डहाळीशेजारी ठेवली.

मग तो नेमच झाला. रविवारी पहिल्या बसने करडी, धुऱ्यावरची डहाळी, चढ, खिंड, उतार, साळ्याच्या घरी जेवण, संध्याकाळी परत. केशवराव काही म्हणत नसे. त्याची बायको मात्र एकदा म्हणाली की बाई होती तेव्हा जवाई वर्षातून दोनदा येत, आता दर आठवड्याले येऊन राहिले. ती टोमणा मारत नव्हती, पण तो लागला. कारण ते खरं होतं.

पाचव्या का सहाव्या रविवारी त्याला वाटेत माणसं भेटली. सात-आठ जण, पायात बूट, पाठीला पिशव्या, गळ्यात दुर्बिणी. भंडाऱ्याची मंडळी. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या पहाडीवर चालायला जाणारी. त्यांच्यात मंजुषा नावाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई होती आणि भूषण नावाचा बँकेतला कारकून. भूषण एका ऐनाला मिठी मारून उभा होता. चंद्रभानाने चौकशी केली तेव्हा कळलं की तो झाडाचा घेर मोजत होता.

मंजुषा मॅडमनी समजावून सांगितलं. दोन वर्षांपासून या भागातल्या ऐनांना काहीतरी झालं होतं. आधी शेंड्याची पानं अवेळी पिवळी पडत, मग साल फुटून काळं पाणी झिरपे, आणि दीड-दोन वर्षांत झाड उभ्या-उभ्या वाळून जाई. काय आहे, कुठून येतं, कसं पसरतं, कोणालाच नक्की माहीत नव्हतं. जंगल खात्याकडे एवढी माणसं नाहीत. म्हणून या चालणाऱ्या मंडळींनी परवानगी काढून झाडं वाटून घेतली होती. प्रत्येक झाडाला नंबर. पंधरा दिवसांनी एकदा पाहायचं आणि शेंडा, पानं, साल, खोड, जे दिसेल ते मोबाईलवर भरायचं. ती माहिती एका संशोधन केंद्रात जात होती.

चंद्रभानाने ऐकून घेतलं. मग भूषणने आजारी म्हणून लिहिलेल्या झाडाकडे बोट दाखवून तो म्हणाला की हे झाड आजारी नाही, कोसा पाळणाऱ्यांनी कधीतरी वरून छाटलेलं आहे. छाटलं की कोवळा पाला हाताशी येतो आणि अळी तोच खाते. त्याने बुंध्यावर जुन्या घावांच्या गाठी दाखवल्या. अशी अकरा झाडं त्यांनी आजारी म्हणून भरली होती.

भूषणने डोक्याला हात लावला. "काका, तुमी अगोदर काहून नाई भेटले? मी तर धडधाकट झाडाले तीन महिन्यांपासून मरणाच्या दारात उभं करून राहिलो."

त्या दिवशी परत जाताना मॅडमनी त्याला एक्केचाळीस झाडांची यादी दिली. खिंडीच्या आसपासची, कारण तो तसाही दर रविवारी तिथे जातच होता. ती यादी त्याने खिशात ठेवली आणि बसमध्ये दोनदा काढून पाहिली. किती दिवसांनी कोणीतरी त्याच्यावर काम सोपवलं होतं.

तो कामाला चिकटला. मोबाईलमध्ये भरायचं भूषणने शिकवलं, पण चंद्रभानाचा विश्वास कागदावर. त्याच्याकडे बापाच्या वेळचे नक्षीचे कागद होते, बारीक चौकटी आखलेले. लुगड्याचा काठ विणायचा असला की आधी त्यावर नक्षी मांडायची, एक चौकट म्हणजे एक धागा. त्याने एक चौकट म्हणजे वीस पावलं धरलं आणि पहाडी कागदावर उतरवली. आपलीच नाही, सगळ्यांची झाडं. भूषण त्याला दर आठवड्याला सगळ्यांचे आकडे सांगायचा. चांगलं झाड असेल तर चौकट मोकळी, आजारी असेल तर काळी भरायची.

मंडळींमध्ये तो रुळला. त्यांच्या डब्यातलं खाऊ लागला, त्यांना वाटेवरची पाखरं कळत, त्याला झाडं कळत. मंडळींना त्याचा डहाळीचा नेम आवडला. एकदा भूषणने विचारलं, काका, आमी ठेवली तर चालते काय? त्यात न चालण्यासारखं काय होतं? मग सगळेच जाता-जाता धुऱ्यावरच्या ऐनाची एकेक डहाळी तोडून घेऊ लागले. केशवराव गमतीने म्हणाला, "माह्या झाडाची हजामतच करून राहिले तुमी लोक."

पाऊस गेला, थंडी गेली. उन्हाळ्यात झाडांना पानं नव्हती तरी सालीवरून कळत होतं. दुसरा पाऊस आला. रुखमिणीचं वर्षश्राद्ध झालं. आणि खिंडीतली झाडं एकामागून एक काळं पाणी गाळू लागली. चंद्रभानाच्या एक्केचाळीसपैकी पहिल्या सहा महिन्यांत एकच आजारी पडलं होतं. वर्ष होईपर्यंत नऊ झाली. मॅडम म्हणाल्या की खिंडीत माती पातळ आहे, वारा जास्त, म्हणून असेल कदाचित. दुसरे एक जण म्हणाले वीज पडली असेल. चंद्रभान आपल्या चौकटी भरत राहिला. त्याला त्यातलं काय कळत होतं?

भाद्रपदात एका मंगळवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. त्याने गल्ल्यावर कागद पसरला आणि त्या आठवड्याच्या चौकटी भरू लागला. भरून झाल्यावर सवयीने कागद हातभर दूर धरला. विणकर तसा धरतोच. जवळून नुसते ठिपके दिसतात, नक्षी दुरून कळते.

काळ्या चौकटी दोनच ठिकाणी होत्या. एक पुंजका वर खिंडीत, देवाच्या ढिगाभोवती. मधोमध दाट, कडेला विरळ. दुसरा लहान पुंजका खाली गावाजवळ, केशवरावाच्या बांधीकडे. मधली तासाभराची चढण जवळजवळ स्वच्छ. शंभरावर झाडं, त्यातली फक्त दोन काळी.

चंद्रभान त्या मोकळ्या चौकटींकडे पाहत राहिला. रोग आपल्या पायाने चालत आला असता तर वाटेतल्या झाडांना लागत-लागत आला असता. वाऱ्याने आला असता तर सगळीकडे शिंपडला असता. या काठावरून त्या काठावर मधलं काही न शिवता जायचं, तर ते मागावर एकच वस्तू करते. धोटा. आणि धोटा आपला आपण जात नाही. फेकणारा हात लागतो.

त्याने बोटावर मोजलं. वर्षभरात किती रविवार, त्याच्या किती डहाळ्या, मंडळींच्या किती. त्याने कागदाची घडी केली आणि ती गादीखाली सरकवली.

पुढच्या रविवारी तो गेला, पण डहाळी घेतली नाही. धुऱ्यावरच्या ऐनापाशी थांबून त्याने मान वर करून पाहिलं. इतके दिवस हात पोचेल तेवढंच पाहिलं होतं. उजव्या अंगाचा शेंडा पिवळा होता. बुंध्याच्या मागच्या बाजूला, बांधीकडे, साल फुटून काळा ओघळ आला होता. हे झाड कोणाच्याच यादीत नव्हतं, कारण ते जंगलात नव्हतं, शेतात होतं.

भूषणने विचारलं, काका, आज रिकाम्या हाताने कसे काय? चंद्रभान म्हणाला विसरलो. भूषणने लगेच स्वतःच्या डहाळीचे दोन भाग केले आणि अर्धी त्याच्या हातात दिली. आता काय करायचं? चंद्रभान ती हातात घेऊन तासभर चढला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, प्रत्येकजण आपल्या हाताकडेच पाहतो आहे असं त्याला वाटत होतं. खिंडीत पोचल्यावर सगळ्यांनी आपापली डहाळी ढिगावर टाकली. त्याने टाकली नाही. झाडं पाहायचं निमित्त करून तो बाजूला गेला आणि ती पिशवीत कोंबली.

आपल्या यादीतलं सत्तावीस नंबरचं झाड त्याने पाहिलं. मागच्या वेळी चांगलं होतं. आता सालीच्या भेगेतून काळं पाणी आलं होतं, अगदी थोडं, बोटभर.

त्याला सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? आपण सगळे झाडं वाचवायला येतो आणि आपणच त्यांना मारतो आहोत, हे. गावाचा देवच रोगाचं घर झाला आहे, हे. ज्या झाडाची डहाळी रुखमिणीने शेवटच्या दिवशी हातात धरली ते कापावं लागेल, हे. आणि त्यानंतर रविवारी त्याने काय करायचं? त्याच्याकडे दुसरं होतं काय? एक रविवार न सांगता गेला. दुसराही गेला.

तिसऱ्या रविवारी बसमध्ये त्याला एक गोष्ट आठवली. आठवायला ती विसरलेली नव्हतीच. जाण्याच्या दोन महिने आधी रुखमिणी म्हणाली होती की जिना चढताना दम लागतो. तो म्हणाला होता, लग्नसराई होऊ दे, मग डॉक्टरला दाखवू. पंधरा दिवसांनी ती परत म्हणाली. तो परत तेच म्हणाला. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. तिला काय होतं आणि ती वाचली असती की नाही, ते कोणी सांगू शकत नाही. पण पाहायचं होतं आणि पाहिलं नाही, एवढं खरं. सत्तावीस नंबरचं झाडही तिसऱ्यांदा सांगणार नव्हतं. त्या दिवशी कागद त्याच्या पिशवीत होता.

खिंडीत मंडळी पाणी प्यायला बसली. मनकर्णाबाई तिथेच होती. सत्तरीपुढची म्हातारी, डहाळीदेवाची झाडलोट करणारी. तिची सासू करायची, म्हणून ती करायची. चंद्रभान करडीचा जवाई, म्हणून तिचाही जवाई. त्याने कागद सगळ्यांमध्ये पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि सुरुवातीपासून सांगितलं. धुऱ्यावरचं झाड, त्यावरचा ओघळ, दोन पुंजके, मधली मोकळी चढण. शेवटी म्हणाला, "सगळ्यात जास्त डहाळ्या माह्याच आहेत. मीच आणून राहिलो होतो. तीन आठवड्यांपासून मले ठाऊक आहे अन मी बोललो नाई."

भूषणने कागदाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या डहाळीकडे पाहिलं. "म्हणजे झाडं तपासाले आमीच येतो अन रोगही आमीच आणतो," तो म्हणाला. "वाह रे आमी."

मंजुषा मॅडम कागदावर वाकल्या होत्या. त्यांनी बोटाने चढण मोजली, दोनदा. मग म्हणाल्या की खिंडीतल्या मातीचं त्या जे म्हणाल्या होत्या ते बहुतेक चुकलं होतं. पण लगेच हो म्हणणार नाही. ढिगातल्या डहाळ्यांचे, धुऱ्यावरच्या झाडाचे आणि खिंडीतल्या झाडांचे नमुने पाठवू, रोग बुरशीचा असावा, तिन्हीत एकच बुरशी निघाली तर मानू. तोपर्यंत डहाळ्या बंद आणि शक्य असेल तर हा ढीग जाळायला हवा.

मनकर्णाबाई एवढा वेळ ऐकत होती. तिने कागदावर काठी टेकवली. "जवाईबापू, याच्यात देव कोणता हाय?"

चंद्रभानाने मधली चौकट दाखवली.

"एवढासा?" म्हातारी म्हणाली. "अन त्याले जाळाचं म्हणता? माह्या सासूच्या सासूच्या डहाळ्या हायेत त्याच्यात. उद्या पोराले वाघानं नेलं तर तुमच्या मॅडम येतीन काय आडव्या?"

मॅडम काही बोलणार होत्या, पण चंद्रभानाने त्यांना हाताने थांबवलं. तो म्हातारीला म्हणाला की त्यालाही जाळवत नाही. त्या ढिगात रुखमिणीची शेवटची डहाळी आहे, ती कुठे ठेवली आहे ते त्याला अजून बोटाने दाखवता येतं. पण ही झाडं गेली तर खिंड उघडी पडेल, आणि मग डहाळी तोडायला झाड कुठून आणायचं? त्याला यापेक्षा जास्त सांगता आलं नाही.

मनकर्णाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली आणि वेगळ्याच आवाजात बोलू लागली. "रुखी सात-आठ वरसाची होती. बापाच्या मांगं-मांगं ये या वाटेनं. डहाळीले हात नाई पोचे तिचा. बाप तोडून दे तर घे नाई, म्हणे मीच तोडीन. मंग चिडे, न खालचा गोटा उचलून ठेवून दे देवापाशी. बाप हासे. मी बी हासो." ती थांबली. "देवानं काय तिले वाघाच्या तोंडी देल्लं काय? नाई देल्लं. गोटा घेतला त्यानं गुमान."

चंद्रभानाला हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत रुखमिणीने कधी सांगितलं नव्हतं. तिला आठवत नसेल, किंवा सांगण्यासारखं वाटलं नसेल. हट्टाने पाय आपटणारी, मुठीत दगड घेऊन उभी असलेली ती पोर त्याला स्पष्ट दिसली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती डोळ्यांपुढे आली आणि तो हसला.

"मंग आता गोटा ठेवा समद्यांनी," मनकर्णाबाई उठता-उठता म्हणाली. "जवाईबापू, जाळाचं तर माह्यासमोर जाळा. न आगोदर नारळ फोडा. आन जंगल खात्याच्या माणसाले म्हणा, फोटू काढू नोको, देव जळतानी."

नमुन्यांचं उत्तर यायला सात आठवडे लागले. तिन्हीत एकच बुरशी निघाली. डहाळ्यांबरोबरच आली असं त्यात लिहिलं नव्हतं, आली असण्याची शक्यता आहे असं लिहिलं होतं. मॅडमनी ते वाक्य सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं. शक्यता म्हणजे शक्यताच, असं त्या म्हणाल्या, आणि चंद्रभानाचा कागद त्यांनी केंद्रात पाठवला. तिथून विचारणा झाली की ही नकाशा काढायची पद्धत कोणाची. भूषणने कळवलं, लुगड्याच्या काठाची.

ढीग मार्गशीर्षात जाळला. वनरक्षक आला, भोवतालचा पालापाचोळा दूर केला, पाण्याचे डबे खालून वाहून आणले. मनकर्णाबाईने नारळ फोडला. चंद्रभानाने रुखमिणीची डहाळी शोधली नाही. आग विझेपर्यंत दुपार टळली. राखेवर पहिला दगड म्हातारीने ठेवला. मग गावच्या लोकांनी ठेवले, मग मंडळींनी. भूषणने एवढा मोठा धोंडा उचलून आणला की त्याला सगळे हसले.

केशवरावाशी झाड कापायचं बोलायला मात्र चंद्रभानाला वेळ लागला. दोनदा जेवायला बसून तो न बोलता उठला. तिसऱ्यांदा बोलला, तर केशवराव म्हणाला, "भाऊजी, ते झाड बाईचं आहे म्हणून तुमी बोलत नव्हते. बाईचं आहे म्हणूनच मी बी कापत नव्हतो. ओघळ तर मले मागल्या सालच्या दिवाळीपासून दिसून राहिला." धानाची मळणी झाल्यावर दोघांनी मिळून माणसं लावली. झाड पडलं तेव्हा बांधीत एकदम खूप उजेड झाला. लाकूड कोणी घरी नेलं नाही. बुंधा, फांद्या, साल, सगळं तिथेच जाळलं. बांधीत पडलेल्या पानाने दुसरं झाड बाटू नये म्हणून केशवरावाच्या बायकोने स्वतः झाडून आगीत टाकलं.

चंद्रभान अजूनही रविवारी जातो. धुऱ्यावर आता थांबावं लागत नाही, त्यामुळे तो मंडळींच्या पुढे असतो. माघापासून आषाढापर्यंत त्याच्या यादीत फक्त दोन झाडं नवी आजारी पडली. आधीच्या वर्षी याच दिवसांत सात पडली होती. सत्तावीस नंबर उभं आहे. ओघळ वाळला आहे आणि शेंड्याला हिरवी पानं आली आहेत. मॅडम म्हणतात एवढ्यात बरं झालं म्हणू नका. तो म्हणत नाही. चौकट मात्र त्याने काळी न भरता अर्धीच भरली आहे.

गेल्या महिन्यात तो खिंड ओलांडून पलीकडे थोडा उतरला. मंडळींची यादी खिंडीपाशी संपते, कारण जिल्हा तिथे संपतो. पलीकडे गोंदिया. जुन्या भंडारा जिल्ह्यात ही सगळी एकच पहाडी होती. आता तिचा तो उतार या नकाशात नाही आणि त्या बाजूला झाडं पाहणारी मंडळीही नाही. पलीकडच्या गावांतले लोकही याच देवाला येतात. राखेच्या जागी ठेवलेल्या दगडांवर त्याला तिकडून आणलेल्या दोन ताज्या डहाळ्या दिसल्या. त्या त्याने पिशवीत घातल्या. उतारावर दोनशे पावलांत त्याने चार झाडं काळं पाणी गाळताना मोजली आणि प्यायचं पाणी संपलं म्हणून परत फिरला.

त्याने नक्षीच्या कागदाला दुसरा कागद जोडला आहे. त्यावर अजून चारच चौकटी भरल्या आहेत. पलीकडच्या उतारावर तीन गावं आहेत, आणि डहाळ्या आणू नका हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.